सालीसकट

डबा हलवला आणि आतल्या लसणाच्या पाकळ्यांची अशी खडखड झाली की घरभर पसरलेली दुपार एकदम जागी होऊन माझ्याकडे बघायला लागली. मी डबा छातीशी घट्ट धरून उभी राहिले. आतल्या खोलीत तेजू कुशीवर वळली, तोंडातल्या तोंडात काहीतरी चघळल्यासारखं केलं आणि परत झोपली. खाली रस्त्यावर एका ट्रेलरनं लांबलचक ब्रेक दाबला, तो मात्र कुणाला टोचला नाही. उलव्यात राहायला आल्यापासून आम्ही सगळीच ट्रेलरच्या आवाजात झोपायला शिकलोय. पण डब्याचा आवाज घरातला. घरातल्या आवाजाला झोप लगेच ओळखते. हॉलमध्ये चटईवर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांची पाठ हलली नाही. जाग्या माणसाची पाठ आणि झोपलेल्या माणसाची पाठ यांत काहीतरी फरक असतो, तो मला लग्नानंतर कळायला लागला. पण नेमका कशात असतो ते अजून सांगता येत नाही. मी डब्याभोवती नॅपकिन गुंडाळला आणि पुन्हा हलवायच्या आधी झाकण उघडून बघितलं. निम्म्या पाकळ्या सोलून निघाल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, न्हाऊन आलेल्या पोरांसारख्या.

ही युक्ती मी मोबाइलवर एका बाईची बघितली होती. गड्डे फोडून पाकळ्या सुट्या करायच्या आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून अर्धा मिनिट जोरात हलवायच्या. साल आपसूक सुटते. तव्यावर परतायचं तिनं सांगितलं नव्हतं, ते मी माझं घातलं, कारण श्रावणात आपल्याकडच्या दमट हवेत साल पाकळीला ओल्या कपड्यासारखी चिकटून बसते. कोरड्या तव्यावर मिनिटभर फिरवल्या की चुरचुरतात, मग डबा. नंतर मिक्सरमध्ये थोडं मीठ, थोडं तेल घालून वाटायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवायचं. सकाळी एक ठोकळा काढला की फोडणीत. महिन्याचा लसूण एका दुपारी. हे सगळं मी एवढ्या तपशिलानं मनात म्हणत होते, कारण त्यामागचं दुसरं म्हणायचं नव्हतं. तीन दिवसांपूर्वी मला फोन आला होता. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर एका गोदामाच्या ऑफिसात कंटेनरचे कागद तपासायचं काम, सकाळी नऊ ते दोन, एक तारखेपासून. तेजूची बालवाडी साडेअकराला सुटते. साडेअकरा ते दोन. अडीच तासांचं एक भोक आणि त्यात माझी साडेचार वर्षांची मुलगी.

विनेशला सांगितलं तर तो बूट काढता काढता म्हणाला, "आईला विचार ना. राहील ती."

"तू विचार. तुझी आई आहे."

"मी विचारलं का तिला हुकूम वाटतो. तू विचारलंस तर..." आणि मोजे घेऊन आत गेला. वाक्य तिथंच दारात राहिलं, तीन दिवस मी त्याला ओलांडून जातेय. सासूबाई आल्या त्या होड्या बंद असतात त्या दिवसांत. पावसाळ्यात समुद्र बंद, घरात जाळ्यांची डागडुजी, ती पुरुषांनी करायची. म्हणून दीड महिना नातीकडे. आता समुद्राला नारळ देऊन झाला, थोरल्या दिरांची, परेशभाऊजींची, होडी पाण्यात गेली, काशीदहून रोज एक फोन येतो. परवा रविवारी विनेश त्यांना सोडायला जाणार. मी विचारलं तर त्या राहतील हे मला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच विचारता येत नव्हतं. नाही म्हणू शकणाऱ्या माणसाला विचारणं सोपं. म्हणून हा डबा. लसूण महिन्याचा करून ठेवीन, पीठ भिजवून ठेवीन, कुणाची गरज लागणार नाही एवढं सगळं गोठवून ठेवीन.

मी दुसऱ्यांदा डबा हलवला. नॅपकिनमुळे आवाज जाड झाला, लांबून कुणीतरी दार वाजवत असल्यासारखा.

"काय करतेस गो?"

पाठ तशीच होती. आवाज भिंतीकडून आला.

"काही नाही आई, लसूण. झोपा तुम्ही."

"डब्यान लसून?"

"सोलला जातो असा. हलवला की."

त्या उठून बसल्या. केसांचा अंबाडा सोडला, पुन्हा बांधला, गुडघ्यावर हात टेकून स्वयंपाकघराच्या दारात आल्या. मी झाकण काढून दाखवलं. त्यांनी दोन बोटांनी एक पाकळी उचलली, उजेडाकडे धरली, जसा मासा ताजा आहे का बघतात तशी, आणि हसल्या. आमच्या सासूबाई, नीराबाई, हसतात तेव्हा आवाज होत नाही, फक्त खांदे हलतात.

"आता येतंय तुना हे," त्या म्हणाल्या. "न तेवा तीन वरसं नखं फोडत बसलीस."

"तेव्हा कुठं माहीत होतं. आणि तुम्हालाच सोललेला लागायचा ना, कशाला का असेना."

"मना? आमचे घरान लसून सोलत न्हाय कवा. ठेचायचा न टाकायचा, सालीसकट."

पाकळी त्यांनी परत डब्यात टाकली. एवढंच झालं. दुपार तशीच होती, गॅसच्या शेगडीवर तवा निवत होता. पण मला पायाखालची फरशी थोडी सरकल्यासारखी वाटली, कारण ती तीन वर्षं मी कुठेतरी नीट घडी घालून ठेवली होती आणि आता कुणीतरी ती घडी उलटीकडून उघडत होतं.

मी आगरी घरातली. आमचं घर उरणजवळ, आजोबांच्या वेळेपर्यंत मिठागरं होती, नंतर बाबांनी टेंपो घेतला. आमची आई लसूण सोलायची म्हणजे शेंड्याचा भाग कापून, कोमट पाण्यात भिजवून, एकेक साल उतरवून. पाकळीवर गुलाबी पापुद्रा राहिला तरी तिला खपायचं नाही. मी काशीदच्या कोळीवाड्यात लग्न होऊन गेले तेव्हा हात तसेच घेऊन गेले. त्या घरात सात माणसं, मागच्या अंगणात सुकत घातलेली मच्छी, पहाटे साडेतीनला उठणाऱ्या बायका, आणि सगळ्यांचे हात माझ्या दुप्पट वेगानं चालणारे. पहिल्या महिन्यात मी बोंबील साफ करायला बसले तर थोरल्या जाऊबाई, पारूवहिनी, म्हणाल्या, "ठेव गो, तू करशीपरेंत भरती येल." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग सासूबाईंनी माझ्यासमोर सूप ठेवलं, त्यात लसणाचे वीस-पंचवीस गड्डे, आणि मागच्या ओटीवर जागा दाखवली. "हे सोल. बस हितंच. उठू नको." ती ओटी पडवीच्या मागं, माडाखाली, जिथून समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो. रोज दुपारी जेवणं झाली की सूप माझ्यासमोर यायचं. मी त्याचा अर्थ लावला होता. ज्या बाईचे हात मासा द्यायच्या लायकीचे नाहीत तिला लसूण देतात. आणि त्यात भर म्हणजे मी सोललेला लसूण कालवणात पडत नव्हता, हे मला दिसत होतं; ताटात काट्यांच्या शेजारी सालं निघायची, बोटानं कडेला सारायची. मी एवढी नखं झिजवून सोलते आणि या बाई माझा लसूण वापरतसुद्धा नाहीत. हा राग मी इतका जपून ठेवला होता की त्याला वास येईनासा झाला होता.

वासाचं बघा. लसूण बोटांत शिरतो तो आंघोळीनं जात नाही. रात्री विनेशच्या अंगावर हात टाकायची मला लाज वाटायची. मी लिंबाच्या साली चोळायचे, स्टीलच्या पातेल्याच्या बुडाला बोटं घासायचे, कुणीतरी सांगितलं म्हणून. अंगठ्याच्या नखाखाली आग आग व्हायची, उन्हात ठेवलेल्या मिरचीसारखी. आणि तरी, हे आज म्हणता येतं, त्या ओटीवर बसलं की डोकं हळूहळू रिकामं व्हायचं. गड्डा फोडायचा, पाकळी बोटांत धरायची, शेंडा नखानं मोडायचा, साल खाली ओढायची. समुद्र मागं आपलं आपलं काहीतरी म्हणत असायचा. कुणी हाक मारत नसे. त्या घरात फक्त त्या वेळेला मला कुणी हाक मारत नसे. मी मनात वाक्यं जुळवायचे, मोडायचे. मला वाटायचं तो वेळ मी घरापासून चोरतेय.

आणि दुसऱ्या वर्षी, पहिल्यांदा दिवस गेले होते ते तिसऱ्या महिन्यात संपलं. अलिबागला एक रात्र राहून परत आले. चार दिवस मला आतल्या खोलीत निजवलं. पाचव्या दिवशी घरात होडीची माणसं जेवायला, जाऊबाईंच्या माहेरची माणसं, जो तो "बरी हायस ना?" विचारून माझ्या हातात काहीतरी द्यायचा, तांब्या, ताट, पोर. मी हे घे ते ठेव करत फिरत होते आणि पोटरीतून कळ वर चढत होती. सासूबाई बाहेरून मच्छीची टोपली घेऊन आल्या, टोपली खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि सूप आणलं. त्या दिवशी त्यात लसूण नेहमीपेक्षा दुप्पट होता. मला आठवतंय, मी ते सूप बघून मनात जे म्हटलं ते मी कुणालाही सांगणार नाही. मी ओटीवर पाठ टेकून बसले आणि संध्याकाळपर्यंत सोलत राहिले. खरं तर फारसं सोललंच नाही. नुसती धरून बसले होते. एकदा जनीमावशी, आमची शेजारीण, आली आणि तिनं कुणाला तरी मोठ्यानं सांगितलं, "तिला नको हाका मारू, लसून सोलतेय ती."

"मग मला कशाला सोलायला द्यायचात?" मी विचारलं. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा आला, मी तेजूच्या खोलीकडे बघितलं.

सासूबाई खाली बसल्या, फरशीवर, पाय पसरून. मीही बसले. डबा मधे.

"बसावंस म्हनून," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आमचे घरान बाय रिकाम्या हातानं बसली का कोन ना कोन उठवतंच. पानी आन, पोरगं धर. माजी सासू तर बोलायची पन न्हाय, नुस्ती चुलीकडं बघायची. तुना मी सांगितलं असतं, जा निज, तर त्या बायकांनी तुनाच नावं ठेवली असती. न तू पन निजली नसतीस. हातान लसून हाय म्हनलं का कोन उठवत न्हाय."

"आणि तो लसूण? एवढा सगळा?"

"जनीला द्यायची. शनवार-रयवार तिचेकडं मुंबयची मानसं जेवायला येतात न, त्यांना दाताखाली साल आली का तोंडं वाकडी करतात. ती बोलायची, नीरे, तुजे सुनंचे जिवावर माजी खानावळ चाललेय." खांदे पुन्हा हलले. "एकदा बोलली, पापलेट ने बदल्यात. मी बोलली, तुजा पापलेट कालचा हाय, नको."

मला हसू आलं. "आई, मी तुम्हाला मनात किती शिव्या घातल्या असतील तेव्हा."

"ऐकू यायच्या मना," त्या म्हणाल्या. "तोंडावर दिसायच्या. मी बोलली, घालूदे. शिव्या घालाला पन बसावं लागतं."

त्यांनी न फोडलेला एक गड्डा घेतला, ओट्यावरचा स्टीलचा पेला घेतला, गड्ड्यावरून पाकळ्या मोडून फरशीवर ठेवल्या आणि पेल्याच्या बुडानं एकेकीवर दणका दिला. फार जोरात नाही, मनगटातून. पाकळी फुटली, साल फाटली, पण अंगाला धरून राहिली. "झाला," त्या म्हणाल्या. "तेल तापलं का टाकायचा. साल असली का करपत न्हाय, वास आत ऱ्हातो. हा डब्यावाला बरा, पन नागडा हाय." मी पेला घेतला. माझी पहिली पाकळी सटकून फ्रीजखाली गेली. "खालती चिमूटभर मीठ टाक, सरकत न्हाय मग." मीठ टाकलं. दुसरी नीट फुटली. सहा पाकळ्या, सहा दणके, अर्धा मिनिटसुद्धा नाही. एवढं सोपं होतं ते. तीन वर्षं रोज दुपारी माझ्यासाठी एक मोठं, कठीण, न संपणारं काम तयार केलं जात होतं, आणि ज्या बाईनं ते केलं तिला स्वतःला ते असं करता येत होतं, अर्ध्या मिनिटात, पेल्याच्या बुडानं.

मी आत कुठेतरी मागं मागं जात होते, त्या ओटीवर, आणि प्रत्येक दुपार उचलून तिची दुसरी बाजू बघत होते. मी चोरलेला म्हणून जो वेळ जपला तो मला कुणीतरी दिलेला होता. चोरीत एक बळ असतं, हे माझं आहे असं वाटतं. दिलेल्याचं काय करायचं? आणि त्यांना कुणी दिलं होतं का कधी असं सूप? त्यांच्या सासूनं चुलीकडे बघितलं. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. डाव्या अंगठ्यावर सुरीची जुनी पांढरी रेघ, नखं कडेनं पिवळी, तळहात मिठानं चामड्यासारखा. या घरात दीड महिना ते हात काय करत होते? तेजूची वेणी. कोथिंबीर निवडणं. गॅलरीत बसून खाली जाणारे कंटेनर बघणं. परवा त्या मला म्हणाल्या होत्या, "हितं समुद्र कुठल्या बाजूला हाय ते कळत न्हाय गो." मी बोट करून दाखवलं होतं आणि मलाच खात्री नव्हती.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. सालं ओंजळीत गोळा करत होत्या. "आता तुना सगळं येतं पटपट. म्हंजे मना जायाला बरं. मना वाटत व्हतं, तू येकटी कशी करशील."

हे त्यांनी सहज म्हटलं. टोमणा असता तर मला कळला असता, आठ वर्षांत तेवढं येतं. त्यांनी डबा बघितला होता, बर्फाचा ट्रे बघितला होता, आणि हिशेबानं नव्हे तर मायेनं त्यातून निघणारा अर्थ काढला होता, की या बाईला आता आपण नकोत. मी एकदा त्यांच्या लसणाचा चुकीचा अर्थ लावला. आता त्या माझ्या लसणाचा लावत होत्या, आणि तो पूर्ण चुकीचाही नव्हता.

"आई, मला नोकरी लागतेय," मी म्हटलं.

सांगितलं सगळं. नऊ ते दोन. एक तारीख. बालवाडी साडेअकरा. मध्ये एकदा थांबून लसणाची पाकळी उगाच सोलली. त्या ऐकत होत्या, ओंजळीत सालं तशीच. खालून ट्रेलर गेला, खिडकीची काच थरथरली, थांबली.

"मग सांगाचं न्हाय का," त्या म्हणाल्या.

"तुमच्या होड्या सुरू झाल्या. सुकत घालायचं काम. जाऊबाई एकट्या."

"ते हाय."

"आणि तुम्हाला इथं करमत नाही."

"ते पन हाय." त्यांनी सालं कचऱ्याच्या डब्यात टाकली, हात साडीला पुसले. "पारू सुकवंल थोडे दिस. पारूची पोरगी हाय हाताशी. न पोरीला कोन बघनार हितं? शेजारची बाय? तिचं दार सदा बंद." मग माझ्याकडे न बघता, "तू सांग. तू सांगशील तसं."

बस, एवढंच पाहिजे होतं मला, आणि ते माझ्या हातात आलं तेव्हा ते किती जड आहे ते कळलं. राहा म्हटलं तर त्या राहतील. रोज साडेअकराला तेजूला आणतील, गॅलरीत बसतील, समुद्र कुठे आहे ते विसरतील. तिकडे ओटीमागे मच्छी वाळेल आणि तिचं मीठ बरोबर पडलंय का ते दुसरंच कुणीतरी बघेल. आणि जा म्हटलं तर मी त्यांना काय देतेय, मोकळीक की नकार? सूप कुणापुढे ठेवायचं हे ओळखायला त्यांना फक्त माझ्या तोंडाकडे बघावं लागलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिथं मला काहीच वाचता आलं नाही. फक्त दिसलं, की त्या वाट बघतायत, आणि वाट बघतोय हे दिसू नये म्हणून फरशीवरचं मीठ बोटानं गोळा करतायत. राहा म्हणताना त्यात माझ्या गरजेचं किती आणि त्यांना ठेवून घ्यावंसं वाटण्याचं किती, हे मला वेगळं करता येत नव्हतं. डब्यात घालून हलवावं तसं मी ते मनात हलवत होते. सुटत नव्हतं.

"आई," मी म्हटलं. "मला ना..."

तेजू दारात उभी होती. एका गालावर उशीची घडी उमटलेली, फ्रॉक वर चढलेला, डोळे अर्धे. ती कधी उठली ते आम्हा दोघींनाही कळलं नव्हतं. आजीच्या मांडीवर जाईल असं वाटलं, पण ती माझ्यापाशी आली, माझ्या बगलेत शिरली, माझी बोटं नाकाशी नेऊन हुंगली आणि सोडून दिली.

"आजी रविवारी जाणार?"

"बघू," मी म्हटलं.

"पप्पा बोलले, जाणार. गाडीतून. मीपण जाणार सोडायला." मग ती माझं एक बोट धरून राहिली. झोपेतून उठलेली पोरं स्वप्नातलं एखादं टोक हातात धरून असतात, तशी. "मम्मी, मी मोठी झाले ना की माझंपण घर असणार."

"असणार की."

"मग तू येशील? आजीसारखी? राहायला?"

"येईन."

मीठ गोळा करणारं बोट थांबलं होतं. तेजूनं मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं, आता पुरती जागी.

"मग मी तुला राहा बोलायचं का? की तू आपोआप राहशील?"